पोपडा उलटा करून बघा : गाडीच्या प्लास्टिकवर मारलेला स्प्रे पुन्हा पुन्हा का सुटतो

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या गाडीवर दिसत असेल, तर रंगाचा नवा डबा आणायला जाण्याआधी थांबा.

– व्हीलकॅपच्या कडेचा रंग उचलला गेलाय आणि नखाने ओढला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा लांबच लांब निघतो.
– ग्रिलच्या क्रोमवर मारलेला काळा रंग वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली तुकड्यातुकड्यांनी उडाला आणि खालचं क्रोम पहिल्यासारखंच लखलखतंय.
– रंग ओला असतानाच त्यात टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे पडतात. वरून कितीही रंग मारा, ते भरत नाहीत.
– दुसरा हात मारला आणि मिनिटभरात पहिला हात सायीसारखा सुरकुतला.
– काळा रंग वाळल्यावर काळा राहिला नाही, त्यावर दुधाळ झाक आली.
– रंगावरून हात फिरवला तर खरखरीत लागतो, बोटाला काळी भुकटी येते.
– आठवडा झाला तरी अंगठा दाबला की ठसा उमटतो.

मी रत्नागिरीत राहतो. गेल्या आठ-नऊ वर्षांत माझ्या, भावाच्या, मामांच्या आणि आमच्या आळीतल्या बऱ्याच गाड्यांच्या व्हीलकॅप, ग्रिल, आरशांची आवरणं आणि दारांखालच्या काळ्या पट्ट्या मी घरच्या पडवीत रंगवल्या आहेत. त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी मारलेला आणि सुटलेला रंग काढून दिला आहे. हौस स्वस्त आहे. ४०० मिलिलिटरचा एक डबा चार व्हीलकॅपना पुरतो, जुनी गाडी अंगणात उभी असली तरी बघत राहावंसं वाटतं. म्हणूनच दोन महिन्यांनी तोच रंग सुटला की माणूस फार खट्टू होतो, आणि बहुतेकजण त्यानंतर एकच गोष्ट करतात: आणखी महागाचा डबा आणतात.

माझ्या स्वतःच्या व्हीलकॅप मी तीनदा रंगवल्या. तिन्ही वेळा डबा बदलला, तिन्ही वेळा पहिल्या पावसात रंग सुटला. दोष डब्याचा नव्हताच. दर महिन्याला गाडी धुऊन झाली की टायरला चकाकी आणणारं तेलकट पॉलिश मारलं जायचं. त्याचे शिंतोडे कॅपवर उडायचे आणि मी साबणाने धुऊन त्यावरच रंग मारायचो. हे कळलं कसं, तर निघालेला पोपडा उलटा करून बघितल्यावर.

पहिली तपासणी, फुकटातली: पोपडा काय सांगतो

सुटलेल्या जागेवरून एक बऱ्यापैकी मोठा पोपडा अलगद काढा. त्याची पाठ उन्हात धरून बघा आणि तो जिथून निघाला ती जागाही बघा.

पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल आणि खाली नुसतं स्वच्छ प्लास्टिक उघडं पडलं असेल, तर रंगाने प्लास्टिकला कधी धरलंच नव्हतं. वर एक पातळ फडकं अंथरावं तसा तो नुसता बसला होता. कारण तीनपैकी एक: खाली तेलकटपणा होता, प्लास्टिक घासलं नव्हतं, किंवा त्या जातीच्या प्लास्टिकला लागणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारला नव्हता.

प्रायमर प्लास्टिकवरच राहिला आणि वरचा रंग तेवढा निघाला, तर भांडण रंग आणि प्रायमर यांच्यात आहे. बहुधा मधली वेळ चुकली, किंवा प्रायमर कडक वाळल्यावर त्यावर घासायचा पेपर न फिरवता रंग मारला.

पोपडा बोटात चुरडताच भुकटी झाली, तर रंग हवेतच सुकून मग खाली पडला आहे. भर दुपारी किंवा वाऱ्यात, फार लांबून मारलेला.

आणि पोपडा निघण्याऐवजी च्युइंगमसारखा ताणला गेला, तर रंग आतून अजून ओला आहे. जाड हात मारले आहेत, वर कातडी धरली आणि रंग पातळ ठेवणारं आतलं द्रावक अडकून पडलं.

कुठेच सुटलेलं नाही पण खात्री करायची आहे, अशा वेळी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या बारीक रेघा मारा, एकमेकींपासून दोन-दोन मिलिमीटरवर. त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगाच्या कारखान्यांतही पकड याच पद्धतीने तपासतात. चौकोन जागेवर राहिले तर रंग पक्का. पट्टीबरोबर आले तर तो रंग पुढे-मागे निघणारच, त्यावर आणखी एक हात मारण्यात अर्थ नाही. नवा रंग जुन्याला धरेल आणि जुना नव्याला घेऊन उतरेल.

दुसरी तपासणी: तेलकटपणा

मी बघितलेल्या पोपड्यांपैकी निम्म्याहून अधिक याच कारणाने निघालेले आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश आणि काळ्या प्लास्टिकला चमक आणणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि शाम्पूने पूर्ण निघत नाही. वर दिलेले टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे त्याचेच. ओला रंग सिलिकॉनच्या थेंबापासून चारी बाजूंनी मागे सरकतो आणि मधे गोल डोळा उरतो. गॅरेजवाले त्याला फिश आय म्हणतात. असा डोळा दिसला की रंग मारणं तिथेच थांबवायचं, वाळू द्यायचं, घासून काढायचं आणि पुन्हा धुवायचं. वरून जाड थर देऊन तो बुजत नाही.

तपासणी सोपी आहे. ज्यावर आधीचा रंग आहे किंवा जे आपण घासून मंद केलं आहे अशा भागावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याची सलग चादर पसरली तर भाग स्वच्छ. पाणी फाटून थेंबाथेंबाने गोळा झालं तर मेण किंवा तेल शिल्लक आहे. दारांखालच्या कोऱ्या काळ्या प्लास्टिकवर मात्र या तपासणीवर विसंबू नका. ते प्लास्टिक अगदी स्वच्छ असलं तरी पाण्याला जवळ करत नाही, तिथे थेंब दिसणारच.

साफ करताना आधी भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी. मग पूर्ण कोरडं. मग रंगाच्या दुकानात मिळणारं मेण-तेल काढायचं द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. इथे दोन फडकी लागतात, आणि लोक चुकतात ते नेमकं इथेच. एका फडक्याने द्रावण लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत बसलात आणि ते तिथेच वाळलं, तर तेल विरघळून सगळीकडे समान पसरतं, निघत नाही. फडकं जुन्या बनियनचं चालेल, पण धुताना कपडे मऊ करणारं काही वापरलेलं नको.

पेट्रोलने पुसू नका. पडवीत, शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना पेट्रोल उघडं ठेवणं जिवावरचं आहे. शिवाय ते स्वतःही चिकट थर मागे ठेवतं. थिनरने ग्रिल किंवा आरशाचं आवरण चोळू नका. ते बहुधा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचं असतं. थिनर त्याला मऊ करतो, नंतर त्यात केसासारख्या भेगा दिसतात.

आणि घासायच्या आधी धुवायचं, नंतर नाही. तेलकट भागावर पेपर फिरवला तर ते तेल घासलेल्या बारीक चऱ्यांमध्ये जाऊन बसतं. घासून झाल्यावर दुसऱ्यांदा धुवायचं ते फक्त भुकटीसाठी.

तिसरी तपासणी: त्या दिवशी हवा कशी होती

कोकणात हे सगळ्यांत आधी विचारावं लागतं. रंगातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. हवा दमट असेल तर त्या थंड रंगावर दव धरतं आणि ते रंगात अडकतं. ती दुधाळ झाक म्हणजे अडकलेलं पाणी.

मी मोबाईलवरच्या आकड्यापेक्षा ओल्या फडक्यावर भरवसा ठेवतो. रंगवायच्या भागावर ओलसर फडक्याने एक पट्टा पुसायचा आणि घड्याळ बघायचं. पंधरा मिनिटांत पट्टा पूर्ण सुकला तर रंग मारा, नाही सुकला तर डबा कपाटात. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हा पट्टा क्वचितच वेळेत सुकतो, म्हणून मी ते चार महिने रंगाला हात लावत नाही. घाटावर सातारा, सांगलीकडे पाऊस उघडल्यावर दोन-चार कोरडे दिवस सहज मिळतात. आमच्याकडे दिवाळीनंतरच.

दुसरं टोक मे महिन्याचं. दुपारी बारा वाजता उन्हात तापलेल्या काळ्या प्लास्टिकला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर रंगही तिथे नीट पसरणार नाही. थेंब खाली टेकताच सुकतात आणि खरखरीत थर बसतो. सकाळी साडेनऊ-दहाला, दव पूर्ण उडालेलं असताना, सावलीत आणि वारा नसलेल्या जागी मारायचं. रात्री तर मुळीच नको. संध्याकाळी मारलेल्या रंगावर पहाटेचं दव पडतं.

दुधाळ झाक आली असेल तर लगेच खरवडू नका. कोरड्या दिवशी भाग उन्हात ठेवा. पुष्कळदा ती आपोआप उतरते. नाही उतरली तर त्याच रंगाचा एक अगदी पातळ हात कोरड्या हवेत मारा, खालचा थर थोडा मोकळा होऊन अडकलेलं पाणी निघून जातं. तरीही राहिली तर मात्र घासून नव्याने.

(डबा मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका असा इशारा त्यावर छापलेला असतो, आणि बंद गाडी उन्हात त्याच्यापुढे सहज जाते.)

चौथी तपासणी: डबा हलवणं, अंतर आणि दोन हातांमधली वेळ

आतली गोळी खडखडायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा, आणि मधूनमधूनही. रंगाचा गाळ तळाशी राहिला तर वर येतं ते नुसतं पातळ द्रावक आणि चिकटवणारा अंश. असा रंग झाकत नाही, मग माणूस जाड थर मारतो आणि ओघळ येतात.

अंतर वीत-सव्वा वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. पहिला हात असा हवा की खालचं प्लास्टिक अजून दिसतंय. हे जमवणं फार जड जातं, कारण मन म्हणतं आत्ताच पूर्ण काळं करून टाकू. पण तोच पहिला विरळ हात पुढच्या हातांना धरून ठेवतो.

सुरकुत्यांचं कारण बहुतेकदा वेळ. इनॅमल जातीच्या रंगावर साधारण तासाभराच्या आत दुसरा हात मारायचा असतो, नाहीतर थेट एक-दोन दिवसांनी. त्या मधल्या काळात खालचा थर अर्धवट वाळलेला असतो. वरच्या हाताचं द्रावक त्यात शिरतं, तो फुगतो आणि सुरकुततो. प्रत्येक डब्याची वेळ वेगळी असते आणि ती मागे बारीक अक्षरात छापलेली असते. माझ्या सांगण्यापेक्षा ती पाळा. एका कंपनीचा रंग आणि दुसरीचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असं जोडकाम करायचं असेल तर आधी जुन्या डब्याच्या झाकणावर मारून एक रात्र ठेवा.

चिकट राहिलेल्या रंगाला उपाय म्हणजे ऊन आणि धीर, दोन आठवडेसुद्धा. त्यानंतरही ठसा उमटत असेल तर तो थर काढावा लागतो.

पाचवी तपासणी: हे प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे

इथपर्यंत सगळं बरोबर करूनही पोपडे निघत असतील तर भाग उतरवून उलटा करा. मागच्या बाजूला बारीक उठावाची इंग्रजी अक्षरं असतात, दोन बाणांच्या टोकांमध्ये. एबीएस लिहिलं असेल तर सुटलात. ते प्लास्टिक रंग आवडीने धरतं. नीट घासून साधा प्लास्टिक प्रायमर मारला तरी पुरतं. ग्रिल आणि आरशांची आवरणं बहुधा याच जातीची.

पीपी, किंवा पीपी अधिक ईपीडीएम, आणि पुढे टीडी २० वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. हे पॉलिप्रॉपिलीन. त्यात थोडं रबर आणि वजनाच्या २० टक्के टाल्कची पूड. दारांखालच्या आणि चाकांच्या कमानींवरच्या काळ्या पट्ट्या, बंपरचा न रंगवलेला खालचा भाग, काही व्हीलकॅप याच्या असतात. याच जातीच्या प्लास्टिकचे डबे, बादल्या घरात असतात. त्यांच्यावर चिकटवलेली लेबलं किती सहज निघतात ते आठवा. या प्लास्टिकला कशालाच धरून ठेवायचं नसतं. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावर ज्योत फिरवून किंवा खास प्रायमर मारून पृष्ठभाग बदलून घेतात. घरी ज्योतीचा प्रयोग करू नका, प्लास्टिक वितळतं आणि आग लागते.

घरचा मार्ग म्हणजे पॉलिप्रॉपिलीनसाठीचा पारदर्शक प्रायमर, ज्याला दुकानात अढेजन प्रमोटर म्हणतात. त्यात क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असतं. त्याचा रेणू एका अंगाने या प्लास्टिकसारखा आणि दुसऱ्या अंगाने रंगाला धरणारा. त्याचा पातळ हात मारायचा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच वर रंग चढवायचा. त्यावर पेपर फिरवायचा नाही, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. दुकानात नुसतं “प्रायमर द्या” म्हटलं तर पुष्कळदा लोखंडाचा रेड ऑक्साइड हातात येतो. तो गंज रोखण्यासाठी आहे, प्लास्टिकवर त्याचा काही उपयोग नाही. “पीपी प्लास्टिकला चालेल का” असं विचारून, डब्यावर तसं लिहिलेलं बघूनच घ्या.

अक्षरं सापडलीच नाहीत तर? काहीजण तुकडा पाण्यात टाकून बघायला सांगतात: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. शुद्ध प्लास्टिकसाठी हे खरं आहे. पण टाल्क घातलेलं पॉलिप्रॉपिलीन जड होऊन बुडतं आणि तुम्ही त्याला एबीएस समजून बसता. मी स्वतः यात एकदा फसलो आहे. शंका असेल तर पीपी समजून चाला. अढेजन प्रमोटर एबीएसवर मारल्याने सहसा बिघडत नाही, उलट चूक मात्र महागात पडते.

घासायचं किती? आधीच रंग असलेल्या भागाला ६०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याबरोबर, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. एबीएसला ४०० ते ६००. कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनला राखाडी स्कॉच-ब्राइट, हलक्या हाताने. त्यावर जाड पेपर चालवला तर लव उभी राहते आणि ती रंगातून दिसते. तारेची घासणी कशालाच नको, तिचे तुकडे अडकून पुढे गंजाचे ठिपके येतात. व्हीलकॅपच्या भोकांच्या आतल्या कडा पेपराची सुरळी करून घासा. नव्वद टक्के पोपडे तिथूनच सुरू होतात, कारण हात तिथे पोहोचत नाही आणि आपण सोडून देतो.

एक बारकावा. बॉडीच्या रंगाचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचाच असला तरी त्यावर कारखान्याचा रंग आहे. तो शाबूत असेल तर तुम्ही रंगावर रंग मारताय, प्लास्टिकवर नाही. नुसतं घासून भागतं. घासताना जिथे खालचं काळं प्लास्टिक उघडं पडेल तेवढ्याच जागी प्रमोटर लागतो.

सहावी: क्रोम

क्रोमवर घरचा स्प्रे टिकवणं हे या यादीतलं सगळ्यांत अवघड काम आहे, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात. ग्रिलवरचं क्रोम म्हणजे एबीएसवर आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर एक मायक्रोनपेक्षाही पातळ क्रोमियम. काचेसारखं गुळगुळीत आणि कठीण. ३२० किंवा ४०० च्या पेपरने ते आरशासारखं चमकणं पूर्ण संपेपर्यंत घासावं लागतं, प्रत्येक पट्टीच्या मागच्या कोपऱ्यातसुद्धा. मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. एवढं केलं तरी दगडाचा एक टवका उडाला की तिथून पाणी शिरतं.

मामांच्या गाडीची ग्रिल मी दोनदा रंगवली, दोन्ही वेळा वर्षाच्या आत उखडली. तिसऱ्या वेळी सोलून काढता येणारा रबरी लेप मारला. त्याला घासणं लागत नाही, नुसतं तेल काढलं की झालं. किमान चार-पाच भरपूर हात द्यायचे, कारण पातळ थर नंतर सोलताना तुकड्यातुकड्यांनी फाटतो. खराब झाला की हाताने ओढून काढायचा आणि खालचं क्रोम जसंच्या तसं. पेट्रोल सांडलं तर तो विरघळतो, पण ग्रिलवर कोण पेट्रोल सांडणार? क्रोम काळं करायचंच असेल तर माझा सल्ला हाच. क्रोमच्या कडा आधीच उचलल्या असतील तर मात्र त्याला हात लावू नका. त्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

सातवी: जुना थर काढून मुळापासून

वरच्या तपासण्यांत जुना थर कच्चा ठरला तर तो पूर्ण काढल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी तो कसला आहे ते बघा. लपलेल्या जागी कापसावर थोडा थिनर घेऊन पाच सेकंद टेकवा. कापसाला रंग आला तर साधा डब्यातला लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा रंग, आहे. सुरकुतला तर अर्धवट वाळलेलं इनॅमल. काहीच झालं नाही तर कारखान्याचा भाजलेला पक्का रंग आहे, तो राहू द्या आणि त्याच्या वरचंच काढा. ही तपासणी क्षणभराची, थिनर घासत बसायचं नाही. एबीएसचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

सुटलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. बाकीचा २४० मग ४०० च्या ओल्या पेपरने. लोखंडाचा रंग काढायची जळजळीत पेस्ट प्लास्टिकवर लावू नका. चार कॅपना एक अख्खा रविवार जातो. कंटाळा येतो, हात काळे होतात, आणि शेवटच्या कॅपला आपण घाई करतो. ती दुसऱ्या दिवसावर ठेवलेली बरी.

इथे थांबा आणि कारागिराकडे जा

पत्र्यावरच्या रंगाखाली फुगा दिसतोय आणि दाबला की कुरकुरतो: आत गंज आहे. वरून स्प्रे मारला तर गंज झाकलेल्या जागी आणखी पसरतो. हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम.

मेटॅलिक किंवा मोत्याच्या झाकेचा रंग दारावर किंवा बॉनेटवर जुळवायचा आहे: डब्याने जुळत नाही. उन्हात ठिगळ दिसतंच.

नव्या गाड्यांमध्ये पुढच्या चिन्हामागे किंवा ग्रिलमागे रडार असू शकतं, आणि बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतात. त्यांच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला तर ते चुकीचं सांगू शकतात. आपोआप ब्रेक लावणारी गाडी असेल तर त्या भागाला हौशी माणसाने हात लावू नये.

तळाशी बटण दाबून आत हार्डनर मिसळायचा असतो तो टू-के क्लिअरचा डबा: त्याची वाफ आयसोसायनेट नावाच्या घातक रसायनाची असते. साधा कापडी मास्क ती अडवत नाही आणि तिच्याने दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. योग्य मास्क आणि हवेशीर बूथ असलेल्या रंगाऱ्याकडूनच ते मारून घ्या. त्याला सांगा की भाग घासून, धुऊन, रंग मारून आणला आहे, फक्त क्लिअर मारायचं आहे. मजुरी बरीच कमी होते.

अलॉय व्हीलला तडा गेला असेल तर रंगाचा विचारच नको, आधी चाक दाखवा. चाकाचे नट आणि ते जिथे बसतात त्या उतरत्या जागा कधीच रंगवू नका. रंगाचा थर दबला की नट सैल पडतो.

आणि तिसऱ्यांदा त्याच जागी पोपडा निघाला, तर हिशेब करा. तुमच्या मॉडेलच्या नव्या व्हीलकॅपचा संच पुष्कळदा तीन डब्यांच्या किमतीत येतो.

कायद्याचं दोन ओळींत. व्हीलकॅप, ग्रिल, पट्ट्या रंगवायला अडचण नाही. पण संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे आरटीओची मंजुरी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रातला रंग बदलून घ्यावा लागतो. नंबर प्लेटवर आणि दिव्यांच्या काचांवर रंगाचा थेंबही नको.

रंगवून झाल्यावरचे सात दिवस

हाताला सुका लागला म्हणजे रंग पिकला असं नाही. सात दिवस धुवायचं नाही, पावसात काढायची नाही, टायर पॉलिश तर महिनाभर नाही. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर स्वतः उभे राहा आणि फवारा रंगवलेल्या भागापासून हातभर लांब धरायला सांगा. तिरका फवारा कडेखाली शिरतो आणि चांगला रंगही उचलतो. शक्य असेल तर कॅप घरी काढून ठेवूनच गाडी द्या.

प्रत्येक कॅपच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख, प्लास्टिकची जात आणि वापरलेला प्रायमर लिहून ठेवतो. माझ्या सध्याच्या कॅपवर नोव्हेंबर २०२१ लिहिलं आहे. त्यातल्या एकीला फुटपाथ घासून टवका उडाला आहे. टवक्याच्या कडेला नख लावून बघितलं, उचलत नाही. तेवढीच जागा या दिवाळीनंतर घासून भरणार आहे.